केसेलरिंगची फळी आणि प्रवरा खोऱ्यातला शिपाई

राजूर म्हणजे अकोले तालुक्याच्या डोंगरी मुलखाचे दार. येथून पश्चिमेस भंडारदऱ्याच्या वाटेला लागले की उजव्या अंगास कळसूबाईची रांग, डाव्या अंगास रतनगडापासून हरिश्चंद्रगडापर्यंत पसरलेले कडे आणि दोहोंच्या मधून उतरत येणारी प्रवरा, अशी भूमीची ठेवण दिसू लागते. आणि या मुलखात ज्याने भर पावसाळ्यात एकदा तरी पायपीट केली आहे, त्याला युद्धशास्त्राचा एक धडा ग्रंथावाचूनच कळतो, तो असा की जेथे प्रत्येक डोंगरापलीकडे पुन्हा डोंगर आणि प्रत्येक ओढ्यापलीकडे पुन्हा ओढा आहे, तेथे मोजकी माणसे जागा धरून बसली तर मोठी फौजदेखील पावलोपावली अडते. कंपनी सरकारला हा अनुभव महादेव कोळ्यांचे बंडकरी पुढारी रामजी भांगरे आणि त्यांचे पुत्र राघोजी यांच्या पाठलागात भरपूर आला. राघोजींना १८४८ साली ठाण्यास फाशी दिल्यावर सरकारचा जीव खाली पडला खरा. परंतु पुढे १८५७ च्या धामधुमीत याच महादेव कोळ्यांची स्वतंत्र पलटण कॅप्टन नटॉल याच्या हाताखाली उभारण्याची पाळी त्याच कंपनीवर आली.

डोंगर आणि नदी यांच्या आश्रयाने थोड्यांनी पुष्कळांस रोखण्याची हीच विद्या दुसऱ्या महायुद्धात, लाखोंच्या सैन्यानिशी आणि आधुनिक तोफखान्यानिशी, जर्मन सेनापतींनी इटलीच्या भूमीवर वापरली. आणि सप्टेंबर १९४३ पासून मे १९४५ पर्यंत, म्हणजे वीस महिने, दोस्त राष्ट्रांच्या सेनांना त्या चिंचोळ्या द्वीपकल्पाचा एकेक डोंगर आणि एकेक नदी रक्त सांडून घ्यावी लागली. त्या आघाडीचा इतिहास आम्हा नगर जिल्ह्यातील लोकांस परका मानता येत नाही. आमच्या शेजारच्या संगमनेर तालुक्यातील निमज या गावचा नामदेव जाधव नावाचा तरुण शिपाई त्या आघाडीच्या शेवटच्या पर्वात एका नदीच्या बांधावर उभा होता, आणि ज्या हुकमांमुळे ती नदी त्या दिवशी जर्मनांच्या हाती होती, ते हुकूम बर्लिनमधून निघालेले होते. सेनापतींचे चरित्र त्यांच्या नकाशांवरून लिहिले जाते. परंतु त्या नकाशावरच्या निळ्या रेषेत जो छातीइतक्या पाण्यात उतरला, त्याच्या बाजूनेही ते वाचले गेले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

जर्मनीची युद्धसत्ता बाहेरून एकजीव दिसली तरी आतून ती दुभंगलेली होती. रशियाची आघाडी भूदलाच्या मुख्यालयाकडे होती, आणि इटली, फ्रान्स, नॉर्वे, बाल्कन या आघाड्या तिन्ही दलांच्या संयुक्त मुख्यालयाकडे होत्या. या दुसऱ्या कचेरीचा प्रमुख फील्ड मार्शल कायटेल आणि तिच्या मोहिमांचा सूत्रधार जनरल योडल, हे दोघेही हिटलरच्या मर्जीबाहेर पाऊल टाकणारे नव्हते. एका कचेरीने मागितलेली डिव्हिजन दुसरीने अडवायची आणि दोन्हींचा निवाडा एकट्या हिटलरने करायचा, अशी ही व्यवस्था असल्यामुळे इटलीतल्या सेनापतीला शत्रूशी जितके झगडावे लागे, त्याहून फारसे कमी आपल्याच दरबाराशी झगडावे लागत नसे. आमच्याकडे उत्तर पेशवाईत मोहिमेवरचा सरदार आणि पुण्याचे दप्तर यांच्यात जी ओढाताण चाले ती ज्यांनी वाचली आहे, त्यांना हे दुखणे ओळखीचे वाटेल.

जुलै १९४३ मध्ये सिसिलीवर दोस्तांचे सैन्य उतरले, त्याच महिन्याच्या २५ तारखेस मुसोलिनी पदच्युत झाला आणि ८ सप्टेंबरला इटलीच्या शरणागतीची घोषणा झाली. त्या वेळी इटलीत जर्मनीचे दोन फील्ड मार्शल होते आणि दोघांची मते परस्परविरुद्ध होती. उत्तरेकडे असलेला रोमेल आफ्रिकेतल्या पराभवाने पोळलेला होता. त्याचे म्हणणे असे की समुद्रावर आणि आकाशात शत्रूचे राज्य असताना दक्षिणेत फौजा ठेवणे म्हणजे त्या पाठीमागून कापल्या जाण्याची वाट पाहणे होय, म्हणून सगळे सैन्य उत्तरेच्या ॲपेनाइन पर्वतापर्यंत मागे घ्यावे. दक्षिणेचा सेनापती आल्बेर्ट केसेलरिंग याने नेमका उलट सल्ला दिला. रोमच्या दक्षिणेस द्वीपकल्प सर्वांत अरुंद आहे, मधोमध पर्वताचा कणा आहे, त्यातून दोन्ही समुद्रांकडे नद्या वाहतात, आणि हिवाळ्याच्या पावसात त्या सर्व नद्या फुगतात. म्हणून शत्रूला येथेच थोपवता येईल, असा त्याचा कयास होता. हिटलरने कित्येक आठवडे निर्णय लांबवला, एकदा रोमेलच्या बाजूने कौल जवळजवळ दिलाच होता, आणि अखेरीस नोव्हेंबरमध्ये तो फिरवून संपूर्ण इटलीची सूत्रे केसेलरिंगच्या हाती दिली. रोमेलची रवानगी फ्रान्सच्या किनाऱ्यावर झाली.

हा केसेलरिंग मूळचा तोफखान्यातला. १८८५ साली बव्हेरियात जन्मलेला हा अधिकारी १९३३ नंतर नव्या हवाई दलात गेला, आणि पोलंड, हॉलंड, इंग्लंड व रशिया यांवरच्या मोहिमांत त्याने हवाई ताफ्यांचे नेतृत्व केले. हवाई दलाच्या माणसाने पायदळाची लढाई इतक्या कुशलतेने चालवावी याचे त्याच्या शत्रूंनाही आश्चर्य वाटे. चेहऱ्यावर सदा हसू असल्यामुळे त्याला हसरा आल्बेर्ट म्हणत. ८ सप्टेंबर १९४३ ला दोस्तांच्या विमानांनी रोमजवळच्या फ्रास्काती येथील त्याच्या ठाण्यावर बॉम्बवर्षाव केला. त्यातून तो जिवंत निघाला, आणि पुढे मोंते सोराते नावाच्या एकाकी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून त्याने आपला कारभार चालवला. एक गोष्ट मात्र त्याला शेवटपर्यंत कळली नाही. बर्लिनशी चालणारा त्याचा गुप्त लिपीतला पत्रव्यवहार ब्रिटनमधील ब्लेचली पार्क येथे बसलेली माणसे उलगडून वाचत होती, आणि तरीही त्याला रेटणे दोस्तांना इतके जड गेले, यावरूनच त्या भूमीचा आणि त्याच्या बंदोबस्ताचा कस लक्षात येतो.

त्याची रीत समजून घेण्याजोगी आहे. एक फळी लढत असतानाच तिच्या मागे दुसरी बांधून तयार ठेवायची. पूल, बोगदे आणि वळणे सुरुंग लावून सज्ज ठेवायची. पहिल्या फळीला भेग पडली की जवळच्या तीनचार तुकड्यांतली माणसे एका अधिकाऱ्याच्या हाताखाली घाईने एकत्र करून ती भेग बुजवायची, आणि ती बुजत नाही असे दिसताच रात्रीच्या अंधारात पुढच्या फळीवर उतरायचे, की सकाळी शत्रूच्या तोफा रिकाम्या खंदकांवर आग ओकत राहाव्यात. त्याच्या हाताखाली दहाव्या सेनेचा प्रमुख म्हणून फिटिंगहोफ हा जुन्या लष्करी घराण्यातला, मितभाषी आणि हिशेबी माणूस होता. आणि कॅसिनोच्या भागाचा कोअर कमांडर जनरल फॉन झेंगर हा तर त्या काळच्या जर्मन सेनेत विरळाच म्हणावा असा, ऑक्सफर्डला शिकलेला, बेनेडिक्टाइन पंथाचा गृहस्थ अनुयायी आणि मनाने नाझी राजवटीचा विरोधक होता. असे असून त्याच राजवटीसाठी कॅसिनोचा डोंगर त्याने चार महिने लढवला. सद्गुणी माणसे दुष्ट सत्तेची चाकरी किती चोख बजावू शकतात, याचा विचार करताना मला झेंगरचे उदाहरण नेहमी अस्वस्थ करते.

कॅसिनोची हकीकत सुप्रसिद्ध असल्यामुळे तिच्यावर रेंगाळत नाही. डोंगरमाथ्यावरच्या प्राचीन मठात सैन्य ठेवू नये असा जर्मनांचा हुकूम होता आणि मठातला बहुमोल संग्रह त्यांनीच आधी रोमकडे हलवला होता. तरीही मठात शत्रू आहे अशा समजुतीने १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्तांच्या विमानांनी तो जमीनदोस्त केला, आणि त्यानंतर मात्र जर्मन छत्रीधारी सैनिकांनी त्या ढिगाऱ्यांचाच किल्ला केला. त्या हल्ल्यात आपली चौथी हिंदी डिव्हिजन होती व तिची फार हानी झाली.

इटलीत एकंदर सुमारे ५०,००० हिंदी सैनिक लढले आणि त्यांतले ५,७८२ मृत्यू पावले. चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन हिंदी डिव्हिजन तेथे होत्या, आणि त्यांपैकी आठवीत व दहावीत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. आठवीत पहिली पलटण, म्हणजे १७६८ साली मुंबईत उभारलेली, जंगी पलटण या नावाने सर्वश्रुत असलेली. आणि दहावीत तिसरी. बेळगावच्या केंद्रात तालीम घेऊन सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, कुलाबा, पुणे आणि नगर या जिल्ह्यांतले शेतकऱ्यांचे मुलगे या पलटणींत दाखल होत. दहाव्या डिव्हिजनचा सेनापती डेनिस रीड याची आणि मराठ्यांची जुनी ओळख होती. १९४१ साली एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरावर तिसऱ्या पलटणीचे नेतृत्व त्यानेच केले होते. पुढे तो आफ्रिकेत शत्रूच्या हाती सापडला, इटलीतल्या कैदेतून निसटला, आणि ज्या देशात कैदी होता त्याच देशात आता सेनापती म्हणून लढत होता.

येथे एका विसंगतीचा उल्लेख टाळता येत नाही. ज्या काळात नगर जिल्ह्याचा तरुण इटलीत ब्रिटिश बादशहाच्या नावाने लढत होता, त्याच काळात त्याच्याच जिल्ह्याच्या मुख्य ठाण्यात, निजामशाहीच्या जुन्या भुईकोट किल्ल्यात, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव आणि शंकरराव देव हे त्याच बादशहाचे कैदी होते. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना तेथे आणले आणि मार्च १९४५ च्या अखेरीस नेहरूंना तेथून हलवले, म्हणजे नामदेव ज्या नदीवर लढला त्या सेनिओच्या लढाईला तेव्हा पुरता पंधरवडाही उरला नव्हता. याच नगरात महायुद्धाच्या आरंभी जर्मन नागरिकांची स्थानबद्धांची छावणीही होती. गिर्यारोहक हाइनरिख हारर याला कराचीत धरल्यावर प्रथम येथेच ठेवले होते. एका बाजूस स्वातंत्र्य मागणारे नेते बंदिवासात आणि दुसऱ्या बाजूस त्याच देशाचे शिपाई हिटलरच्या सैन्यापुढे, अशी ही स्थिती होती. आणि ज्यांना वाटते की शिपाई केवळ पोटासाठी गेला, त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की पोटासाठी गेलेला माणूस जखमी सोबत्याला उचलण्यासाठी सुरुंगांच्या पट्ट्यातून दोनदा जात नाही.

मे १९४४ मध्ये कॅसिनोची फळी फुटली आणि ४ जूनला रोम पडले. रोमच्या आघाडीवरील चौदाव्या सेनेचा प्रमुख माकेन्झेन याला केसेलरिंगने दूर केले आणि मागे सरकत, दर दहावीस मैलांवर थांबत, फ्लॉरेन्सच्या उत्तरेस तयार होत असलेल्या गॉथिक फळीच्या दिशेने आपली सेना नेली. या माघारीत १० जुलै १९४४ रोजी तैबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तिसऱ्या पलटणीच्या एका कंपनीने जर्मन मोर्चावर हल्ला केला. माणगाव तालुक्यातला नाईक यशवंत घाडगे याच्या सेक्शनवर जवळच्या मशीनगनचा मारा झाला आणि नाईक वगळता सारी माणसे मेली किंवा जखमी होऊन पडली. घाडगे एकटा धावला. हातबॉम्ब टाकून त्याने ती मशीनगन आणि तिचा चालक निकामी केला, दुसऱ्यास टॉमीगनने मारले, आणि गोळ्यांची पेटी बदलायला सवड नाही असे पाहून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर तिच्या दस्त्याने तुटून पडला. त्यानंतर दडून बसलेल्या बंदूकधाऱ्यांच्या गोळ्यांनी तो तेथेच ठार झाला. व्हिक्टोरिया क्रॉस त्याला मरणोत्तर मिळाला. त्याचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे.

त्याच उन्हाळ्यात पहिल्या पलटणीच्या वाट्याला एक निराळेच काम आले. फ्लॉरेन्सच्या दक्षिणेस मोंतेगुफोनी नावाच्या जुन्या गढीत ते मराठे शिरले, तेव्हा तिथल्या दालनांत भिंतींशी ओळीने उभी केलेली शेकडो चित्रे त्यांना आढळली. युद्धाच्या भयाने फ्लॉरेन्सच्या उफित्सी संग्रहालयातून ती तेथे आणून ठेवलेली होती, आणि त्यांत बोत्तिचेल्लीचे वसंताचे जगप्रसिद्ध चित्रही होते. तोफगोळे पडत असता त्या चित्रांभोवती मराठ्यांचा पहारा बसला. उलट बाजूस जर्मनांनी त्याच संग्रहातली अनेक चित्रे उचलून उत्तरेकडे तिरोलच्या डोंगरांत नेली, आणि ऑगस्टच्या ३ व ४ तारखांमधल्या रात्री आर्नो नदीवरचे फ्लॉरेन्सचे सगळे पूल, पोंते वेक्किओ एवढा एक सोडून, उडवून दिले. आपली माणसे परमुलखातल्या कलाधनाची राखण करीत होती ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात आली पाहिजे, असे मला वाटते.

केसेलरिंगचे लष्करी कौशल्य वर्णन करताना ज्याकडे पाठ फिरवली जाते, ते आता सांगितले पाहिजे. २३ मार्च १९४४ ला रोममध्ये प्रतिकारकांच्या बॉम्बने ३३ जर्मन पोलीस मेले, आणि एकास दहा या हिशेबाने दुसऱ्या दिवशी आर्देआतीन गुहांत ३३५ माणसे गोळ्या घालून मारण्यात आली. पाच जास्त मारली गेली, ती मोजणीच्या चुकीने. त्यानंतर जूनमध्ये केसेलरिंगने असा हुकूम काढला की प्रतिकारकांशी वागताना एखाद्या अधिकाऱ्याने नेहमीच्या मर्यादेपलीकडे कठोरपणा केला तरी आपण त्याची पाठराखण करू. वरून असे अभय मिळाल्यावर खाली काय होते ते ऑगस्टमध्ये सांतान्ना येथे आणि शरदात बोलोन्याजवळ मार्त्साबोत्तो येथे दिसून आले. त्या खेड्यांतल्या शेकडो बायका, मुले आणि म्हातारे ठार झाले. सेनापतीच्या चातुर्याने महिने वाढले, आणि त्या वाढलेल्या महिन्यांत ही कत्तल बसली. या दोन गोष्टी वेगवेगळ्या खात्यांत टाकून केसेलरिंगचा गौरव करण्याची जी प्रथा पडली आहे ती मला मान्य नाही.

गॉथिक फळीवर शरदात घनघोर लढाई झाली, पुष्कळ भाग दोस्तांनी घेतला, परंतु पाऊस आणि चिखल यांनी त्यांना पो नदीच्या मैदानाच्या काठावर रोखले. याच वेळी केसेलरिंगने पो नदीमागे हटण्याची योजना बर्लिनला पाठवली आणि हिटलरने ती नाकारली. ऑक्टोबरअखेर केसेलरिंगची मोटार एका तोफेवर आदळून तो जबर जखमी झाला, जानेवारीत परतला, आणि मार्च १९४५ मध्ये ऱ्हाइनवरची आघाडी सावरण्यास त्याला पाठवले गेले. त्याच्या जागी फिटिंगहोफ आला. दहाव्या सेनेवर आता हेर होता आणि चौदाव्या सेनेवर लेमेलझेन. पेट्रोल इतके थोडे उरले होते की गाड्या बैलांनी ओढाव्या लागत, आणि आकाशात जर्मन विमान दिसेनासे झाले होते. इटलीतल्या एसएस दलाचा प्रमुख कार्ल वोल्फ तर मार्चपासूनच स्वित्झर्लंडमध्ये अमेरिकेचा हस्तक ॲलन डलेस याच्याशी चोरून तहाची बोलणी करीत होता. म्हणजे शिखरावर बसलेल्या माणसांना लढाई हरल्याचे ठाऊक होते, मागे हटण्याची योजना तयार होती, तहाचे दार किलकिले झाले होते; आणि तरीही सेनिओ नदीच्या बांधावर जर्मन शिपाई आपल्या बिळांत बसून होता, कारण हटण्याची परवानगी नव्हती.

सेनिओ ही काही मोठी नदी नव्हे. लढाईच्या जागी तिचे पात्र जेमतेम पंधरा फूट रुंद आणि पाणी चारपाच फूट खोल. परंतु पुरापासून शेते वाचवण्यासाठी इटलीच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या तिच्या दोन्ही काठांवर जे बांध घातले, ते तीसपस्तीस फूट उंच आणि भिंतीसारखे उभे होते. राजूरकडच्या भातखाचरांचे बांध गुडघ्याएवढे असतात, त्यांवरून त्या बांधांची कल्पना यायची नाही. जर्मनांनी दोन्ही बांध आतून पोखरून त्यांत खंदक, खोल्या आणि मशीनगनचे मोर्चे केले होते, आणि पूर्वेकडच्या बांधाच्या आतल्या उतारावर, पाण्याच्या वर, सुरुंगांचा पट्टा पेरला होता. त्यामुळे पूर्वेचा बांध चढून गेलेला मराठा शिपाई पाण्यात उतरला की त्याच्यावर समोरून तर गोळ्या येतच, पण तो जो बांध नुकताच ओलांडून आला त्याच्याच पोटातून, पाठीमागूनही येत.

९ एप्रिल १९४५ च्या दुपारी आठशेंहून अधिक अवजड बॉम्बफेकी विमानांनी जर्मन फळीच्या पिछाडीवर बॉम्ब टाकले. मग तोफखाना सुरू झाला. तो काही वेळ चाले आणि थांबे, तोफा थांबल्या की हल्ला आला असे समजून जर्मन बिळांतून बाहेर येऊन मोर्चे धरत आणि लढाऊ विमाने त्यांच्यावर झडप घालत, पुन्हा तोफा. असे संध्याकाळपर्यंत चालले. शेवटच्या खेपेस विमाने नुसतीच खालून गेली, त्यांनी एक गोळी झाडली नाही. जर्मन खाली माना घालून बसले होते तोवर पायदळ बांधाला भिडले होते.

सान पोलितोच्या उत्तरेस पहिल्या मराठा पलटणीच्या एका कंपनीने पूर्वेचा बांध घ्यायचा आणि तीन मिनिटांनी दुसरीने तिच्यातून पुढे जाऊन पश्चिमेचा, असा बेत होता. नामदेव जाधव आपल्या कंपनीचा निरोप्या होता. कंपनी कमांडरच्या मागे राहून त्याचे हुकूम पोचवणे हे त्याचे काम. पाणी ओलांडून ती छोटी टोळी पश्चिम काठावर निघते न निघते तोच मागच्या बांधातल्या निदान तीन मोर्च्यांनी तिच्यावर गोळीबार केला. कमांडर आणि दोन शिपाई जखमी झाले. बाकीचे, एकट्या नामदेवाखेरीज, जागीच ठार झाले. नामदेवाने एका जखमीला खांद्यावर घेतले, खोल पाण्यातून परत आणले, आणि त्या उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून, वर चढून पलीकडे पोचवले. मग दुसऱ्यासाठी तो पुन्हा गेला. दोन्ही वेळा उखळी तोफांचा आणि मशीनगनचा मारा चालूच होता. येथवर आल्यावर कोणी थांबला असता तर त्याला दोष देता आला नसता.

तो तिसऱ्यांदा बांधावर गेला. जवळच्या मोर्चावर धावून जाऊन त्याने टॉमीगनने तो गप्प केला. हाताला गोळी लागली आणि बंदूक चालवता येईना, तेव्हा ती फेकून त्याने हातबॉम्ब घेतले आणि पाठोपाठ आणखी दोन मोर्चे उडवले. मध्ये बॉम्ब संपले. तेव्हा सरपटत माथ्यावर जाऊन पलीकडच्या उतारावर असलेल्या सोबत्यांकडून त्याने नवे घेतले आणि तो पुन्हा आत उतरला. पूर्वेच्या बांधावरच्या साऱ्या मशीनगन बंद पडल्यावर तो बांधाच्या माथ्यावर चढला, आणि उखळी तोफांचे गोळे पडत असता उघड्यावर उभा राहून, मराठ्यांची रणगर्जना करीत, हात हलवून त्याने मागच्या कंपन्यांना नदीपलीकडे बोलावले. या पराक्रमाबद्दल नामदेवाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि त्या नदीवर त्याच दिवशी लढलेल्या, त्याच आठव्या डिव्हिजनमधल्या अली हैदर या पठाण शिपायालाही तो मिळाला. इटलीत एकंदर वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. त्यांतले सहा हिंदी सेनेतल्या वीरांचे होते आणि त्या सहांत दोन मराठे.

बांध फुटला तशी फळीही फुटली. फिटिंगहोफने माघारीची परवानगी पुन्हा मागितली आणि बर्लिनहून योडलमार्फत तिखट शब्दांत नकार आला. २० एप्रिलला, म्हणजे हिटलरच्या वाढदिवशी, फिटिंगहोफने अखेर स्वतःच्या जबाबदारीवर हटण्याचा हुकूम दिला. पण आता फार उशीर झाला होता. २१ ला बोलोन्या पडले. पो नदीचे पूल विमानांनी आधीच उद्ध्वस्त केलेले असल्यामुळे तोफा, गाड्या आणि घोडे दक्षिण काठावर टाकून जर्मन सेना होड्यांनी आणि पोहून उत्तरेस गेली. ज्या माघारीला मागच्या शरदात व्यवस्थित रूप देता आले असते, तिची आता पळापळ झाली.

२९ एप्रिलला कासेर्ता येथे फिटिंगहोफचा आणि वोल्फचा असे दोन प्रतिनिधी बिनशर्त शरणागतीच्या तहनाम्यावर सही करून मोकळे झाले, आणि २ मे रोजी दुपारी दोन वाजता तो अमलात यायचा ठरला. परंतु ही बातमी केसेलरिंगला लागताच, जो आता साऱ्या दक्षिणेचा मुखत्यार झाला होता, त्याने फिटिंगहोफ आणि त्याचा चीफ ऑफ स्टाफ रेटिगर या दोघांनाही बडतर्फ करून जनरल शुल्ट्स याला नेमले. बोल्झानोच्या डोंगरातल्या भुयारी ठाण्यात मग असा प्रसंग घडला की त्याला दुसऱ्याच्या हुकमात वाढलेल्या सेनापतींची परीक्षाच म्हणावी लागेल. रेटिगरने नव्या सेनापतीलाच ठाण्यात अडकवून ठेवले. लेमेलझेन आणि हेर यांनी टेलिफोनवर, वरचा हुकूम आल्याशिवाय आम्ही कसे शरण जावे, असा घोळ घातला. आणि १ मेच्या रात्री रेडिओवर हिटलरच्या मृत्यूची वार्ता आल्यावर, जिवंत माणसाला दिलेली शपथ आता उरली नाही असे स्वतःला पटवत, वोल्फशी पहाटेपर्यंत हुज्जत घालून केसेलरिंगने संमती दिली. ठरल्या वेळी गोळीबार थांबला. सेनिओच्या बांधावरच्या त्या संध्याकाळपासून या दुपारपर्यंत तेवीस दिवस होतात. आणि तेवीस दिवसांनी जे घडले ते आधी घडवणे या सर्व मोठ्या माणसांच्या आवाक्यात होते, असे मी म्हणतो ते त्यांच्याच आचरणावरून. तहाची बोलणी मार्चमध्येच सुरू झालेली होती.

१९४७ साली व्हेनिसजवळ मेस्त्रे येथे ब्रिटिश लष्करी न्यायालयापुढे केसेलरिंगचा खटला चालला. आरोप दोन होते: आर्देआतीनचा वध, आणि नागरिकांच्या हत्येस चिथावणी. त्याला देहान्ताची शिक्षा झाली, चर्चिल आणि इटलीतल्या दोस्त सेनांचा सेनापती अलेक्झांडर यांच्या रदबदलीनंतर ती जन्मठेपेवर आली, आणि १९५२ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव तो सुटला. त्याने आत्मचरित्र लिहिले, माजी सैनिकांच्या संघटनेचे अध्यक्षपद स्वीकारले आणि १९६० मध्ये तो वारला. झेंगरनेही आठवणी लिहिल्या, केसेलरिंगचा एके काळचा चीफ ऑफ स्टाफ वेस्टफाल यानेही लिहिल्या. म्हणून इटलीच्या आघाडीविषयी जे वाचायला मिळते त्यात या सेनापतींचा आवाज सर्वांत मोठा आहे. कोणता पूल कधी उडवला आणि कोणता हुकूम कोणी का दिला, हे त्यांनी आपल्या बाजूने सविस्तर सांगून ठेवले.

निमजच्या नामदेव जाधवाने असा ग्रंथ लिहिला नाही. तो हवालदार होऊन निवृत्त झाला आणि २ ऑगस्ट १९८४ रोजी पुण्यात वारला. त्या नदीच्या पाण्यात पडलेले त्याचे सोबती, ज्यांची नावे सन्मानपत्रात नाहीत, त्यांतले किती प्रवरा खोऱ्यातले होते हे गावोगावच्या चावडीतल्या नोंदी आणि पलटणीचे दप्तर एकत्र बसून वाचल्यावाचून सांगता यायचे नाही. हिंदू सैनिकांवर दहनसंस्कार झाले त्यांची स्मारके फोर्ली येथे आणि सांग्रो नदीजवळ आहेत, आणि त्यांवर नावे कोरलेली आहेत. अकोले आणि संगमनेर तालुक्यांतल्या एखाद्या महाविद्यालयाने ती यादी हाती घेऊन गाववार लावावी; आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात ते पान अजून कोरे आहे.